व्याही येण्याआधी छताचा फोटो

घराला गळती लागली याबद्दल माझी तक्रार नाही, पण ती कुठे लागावी याला काही ताळतंत्र असावं. आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, म्हणजे सर्वांत वर. त्यात स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे, जुने कोट टांगायची अंधारी बोळकांडी आहे. तिथे चार थेंब पडले असते तर कोणी ब्र काढला नसता. पण आमच्या करागांदा शहरातला बर्फ वितळू लागला आणि पहिला थेंब पडला तो बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीशी, नेमका टोरवर. टोर ही घरातली मानाची जागा. पाहुणे असताना तिथे घरधनीसुद्धा बसत नाही. आणि लवकरच एका शनिवारी तिथे पावलोदार शहरातले कब्देश बसायचे होते.

कब्देश म्हणजे आमचे होणारे व्याही. त्यांची बायको नगीमा येऊन आमच्या झिबेकच्या कानात सोन्याचे डूल घालणार, की मुलगी त्यांची झाली. डूल कानात पडेपर्यंत मात्र कशाचाच भरवसा नसतो. माझ्या बायकोच्या, रैहानच्या, एका मावसबहिणीची सोयरीक केवळ चहा थंड होता म्हणून फिसकटली होती. मग साक्षात व्याह्यांच्या टाळूवर पाणी पडलं तर काय होईल, या विचाराने मी रात्रभर छताकडे बघत पडलो.

रैहानने आधी गळतीखाली पातेलं ठेवलं. मग पातेलं ठेवलेल्या टोरवर व्याही बसवता येणार नाहीत हे लक्षात आल्यावर तिने टोरच हलवायचं ठरवलं. आम्ही कपाट, सोफा, गालिचा, सगळं फिरवलं. नव्या रचनेत मानाचा पाहुणा थेट संडासाच्या दाराला टेकून बसत होता. आम्ही सगळं पुन्हा होतं तसं लावलं आणि मी खाली गालिना स्तेपानोव्हनांकडे गेलो.

गालिना स्तेपानोव्हना आमच्या इमारतीच्या अध्यक्षा. पूर्वी त्या शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही आम्हा सर्वांना आठवी ब समजतात. छताची दुरुस्ती गेल्याच वर्षी झाली आहे, गॅरंटीसकट, असं त्यांनी मला समजावलं. गळत असेल तर कंत्राटदार फुकट दुरुस्त करील, पण त्याला छतावरच्या दोषाचा फोटो पाठवायला हवा. फोटो काढायला छतावर जायला हवं. आणि छतावर जायची लोखंडी झडप एखाद्या रहिवाशाने उघडली की गॅरंटी रद्द. मी म्हटलं, मग फोटो काढायचा कोणी? त्या म्हणाल्या, तो प्रश्न करारात नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्ररेखन शिकवतो. पेचातून सरळ रेषा काढणं हा माझा धर्म. जिन्यात पाचसहा शेजारी जमले होते, त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघून गेलं की मी ड्रोन उडवून फोटो काढतो. ड्रोन मी तोवर हातातही धरला नव्हता. पण शेजाऱ्यांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं तो आदर पूर्वी कधी वाट्याला आला नसल्यामुळे माघार घेता आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो विकत आणला. किती पडले ते इथे सांगत नाही. रैहानलाही सांगितलेलं नाही.

ज्यांना ड्रोन उडवायला शिकायचं आहे त्यांना माझा पहिला सल्ला असा की शेजाऱ्यांना कळू देऊ नका. दुसऱ्या मजल्यावरचे व्हिक्टर गेनरिखोविच पेटी उघडण्याआधीच हजर झाले. हे गृहस्थ आयुष्यभर विमानतळावर होते, त्यामुळे उडणाऱ्या सर्व वस्तूंबद्दल इमारतीत त्यांचा शब्द अखेरचा. ते सामान चढवण्याच्या खात्यात होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी सांगितलं की वाऱ्याच्या तोंडाला उडव, घाबरायचं नाही, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बुटांच्या नाड्या घट्ट बांध. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका. रैहानने सांगितलं की घरात लावू नका, पडदे नवीन आहेत. तिघांमध्ये फक्त या दोघींचं बरोबर होतं.

मी कायद्याने चालणारा माणूस. आधी नोंदणी करायला कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीने उद्देश विचारला. मी सांगितलं, छत. तिच्या यंत्रात छत नव्हतं. चित्रीकरण, खेळ आणि शेती, एवढेच तीन उद्देश होते. चित्रीकरणाला वेगळा परवाना लागत होता आणि खेळाला क्लबचा शिक्का. माझ्यामागे रांग वाढत होती. शेवटी तिने माझ्याकडे सहानुभूतीने पाहून शेती लिहिलं आणि छतावर काय पिकतं ते विचारलं. मी म्हटलं, शेवाळ. तिने तेही लिहिलं.

उडवण्याआधी ड्रोनमधलं होकायंत्र जुळवावं लागतं. त्यासाठी यंत्र आडवं धरून स्वतःभोवती सावकाश गिरकी घ्यायची, मग त्याचं नाक जमिनीकडे करून पुन्हा एक गिरकी. ही कृती एकांतात करावी. मी ती भर अंगणात केली, आणि यंत्राचं समाधान होईना म्हणून पुन्हा पुन्हा केली. बाकावर बसलेल्या बायकांना एवढंच दिसलं की पाचव्या मजल्यावरचे एसेनगेल्दी मास्तर हातात काहीतरी धरून, डोळे मिटून अंगणात गोल फिरताहेत. डोळे मी चक्कर येत होती म्हणून मिटले होते. मी वर पोचेपर्यंत रैहानला तीन फोन आले होते. गालिना स्तेपानोव्हनांनी रक्तदाब विचारला. रैहानच्या बहिणीने नजर उतरवायला अद्रास्पान या वाळलेल्या झुडपाची जुडी पाठवून दिली. रैहानने ती पेटवली आणि धूर माझ्याभोवती तीनदा फिरवला. पुढे दोन दिवस कॉलेजात माझ्या कोटाला तो वास येत होता, आणि सहकारी माझ्याशी फार हळुवारपणे बोलत होते.

सराव मी गॅरेजांच्या मागच्या मोकळ्या पटांगणात सुरू केला. ड्रोन छान उठला, माझ्यापासून लांब गेला, आणि तिथे वळून माझ्याकडे तोंड करून थांबला. इथे नवशिक्यांनी सावध राहावं. यंत्राचं तोंड आपल्याकडे असलं की त्याची डावी बाजू आपली उजवी होते. आरशातली आकृती हा माझा विषय आहे. मी तो वर्षानुवर्षं शिकवला आहे, त्यात मुलांना नापास केलं आहे. मी डावीकडे दांडी ढकलली, ड्रोन उजवीकडे गेला. मी आणखी डावीकडे ढकलली. तो आणखी उजवीकडे जाऊन चिनाराच्या झाडात घुसला आणि तिथे कावळ्याच्या घरट्याशेजारी स्थिर झाला.

झाडाखाली लगेच माणसं जमली. कोणी झाड हलवा म्हणालं, कोणी अग्निशामक दल बोलवा म्हणालं. व्हिक्टर गेनरिखोविच मला म्हणाले की विमान झाडात अडकण्याचं कारण नेहमी वैमानिक असतं. कावळीणच शेवटी कंटाळली आणि तिने ड्रोनला चोचीने ढकलून खाली पाडलं. एक पातं मोडलं होतं. पेटीत जादा पाती होती, यावरून ती पेटी भरणाऱ्याला आमच्यासारख्यांची पूर्ण कल्पना होती असं दिसतं.

त्यानंतर मी शहाणा झालो. कमरेएवढ्या उंचीवर उडवू लागलो. पुढे, मागे, थांब, उतर. यंत्राचं शेपूट कायम माझ्याकडे. भटकी कुत्री आधी भुंकायची, मग तीही बसून पाहू लागली. पण घरी टोरवरचा डाग रोज वाढत होता. आधी तो बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला. रैहान पातेल्यातलं पाणी ओतून येत असे. एकदा झिबेकने मला विचारलं, "बाबा, हे नीट होईल ना?" ती छताबद्दल विचारत नव्हती, हे मला कळलं. मी म्हटलं, होईल. आणि ड्रोनची पेटी उचलून पुन्हा पटांगणात गेलो.

मग वारा सुटला. आमच्याकडे वारा सुटला की तो सुट्टीवर आल्यासारखा राहतो. चांगले चार दिवस ड्रोन पेटीतून काढता आला नाही. शनिवारी सकाळी अचानक एक पानही हलेना. पाहुणे दुपारी यायचे होते. घरात उकळत्या मांसाचा वास, बाउरसाकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, रास, रैहानच्या बहिणी. मी गुपचूप अंगणात उतरलो.

उड्डाण अप्रतिम झालं, हे मी कोणासमोरही सांगेन. ड्रोन इमारतीला समांतर सरळ वर गेला, छताच्या कडेवरून आत सरकला, आणि माझ्या फोनच्या पडद्यावर आमचं छत दिसलं. छत कसलं, तळं होतं. आमच्याच घरावर भलंमोठं डबकं साचलं होतं आणि त्यात ढगांचं प्रतिबिंबही पडलं होतं. मी धडाधड फोटो काढले. मग पडद्यावरची बारीक अक्षरं वाचली. यंत्रात मेमरी कार्ड नव्हतं. ते मी घरी, सुरक्षित राहावं म्हणून, चष्म्याच्या घरात ठेवलं होतं.

ड्रोन उतरवला, कार्ड आणलं, पुन्हा उडवला. तेवढ्यात वारा परत आला. ड्रोन छतावर डोलायला लागला, रिमोट ओरडायला लागला, आणि मीही. माझ्या अंगठ्याने दांडी तळाशी दाबली. खरं तर तो क्षण अंगठ्याला विचार करू द्यायचा नव्हता. पडद्यावर छत जवळ आलं, एका जुन्या अँटेनाची तार आली, पाती त्या तारेत गुरफटली आणि चित्र आडवं झालं. यंत्र जिवंत आहे की नाही ते पाहावं म्हणून मी 'शोधा' हे बटण दाबलं. वरून बारीक आवाज येऊ लागला. टिट्, टिट्, टिट्. मला हायसं वाटलं. मी बटण पुन्हा दाबून आवाज बंद करणार, तोच फोनची बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. त्याच क्षणी अंगणात पावलोदारची गाडी शिरली.

कब्देश दरवाज्याएवढे रुंद निघाले. त्यांचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा कारखाना आहे, आणि हात मिळवताना ते जाणवतं. नगीमा लहानखुरी, नीटनेटकी, मखमली झग्यात. स्वागत झालं, शकुनाचा खाऊ त्यांच्यावरून उधळला गेला, गळाभेटी झाल्या. रैहानने पातेलं हलवून डागाखाली शोभेची परडी लटकवली होती आणि तिच्यात टॉवेल कोंबला होता. कब्देश टोरवर बसले. मी त्यांच्यासमोर बसलो आणि परडीकडे पाहिलं.

वरून आवाज आला. टिट्, टिट्.

नगीमाने विचारलं, वर कोण राहतं? रैहान म्हणाली, कोणी नाही. मग आवाज कसला, असं नगीमाने विचारलं. रैहान म्हणाली, पक्षी असेल. नगीमा थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली की फार शिस्तीचा पक्षी आहे.

मी पावलोदारच्या हवेबद्दल बोललो. कब्देश "हं" म्हणाले. मी पिकांबद्दल विचारलं. ते "हं" म्हणाले. त्यांच्या मुलाचं, आमच्या होणाऱ्या जावयाचं, कौतुक केलं. त्यावरही "हं". आमचं घर, आमची ऐपत, आमचा पक्षी, यांपैकी काहीच त्यांना पसंत नाही हे उघड होतं. परडी जड होत चालली होती. मी सारखा वर पाहत होतो आणि देवाला विनवत होतो की निदान डूल घालून होईपर्यंत धीर धर. रैहानने मेंढीचं मस्तक ताटात घालून मानाने कब्देशांपुढे ठेवलं. त्यांनी सुरी उचलली, ती बाजूला ठेवून आशीर्वादासाठी तळहात वर केले, आम्हीही केले. परडी सुटली.

ती सुदैवाने बाजूला पडली. ओला टॉवेल मात्र त्यांच्या खांद्यावर आला, आणि टॉवेलमागून एक लांब, संथ धार त्यांच्या टोपीवर. दारातून डोकावणारी झिबेक झटकन मागे झाली. कब्देशांनी टॉवेल काढून घडी करून बाजूला ठेवला, टोपी काढली, वर पाहिलं, आणि उठून उभे राहिले. संपलं, असं मला वाटलं. मुलीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात होतं.

"वर कसं जायचं?" त्यांनी विचारलं.

मी अडखळत त्यांना झडप, किल्ली, गालिना स्तेपानोव्हना, गॅरंटी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन खाली गेले आणि त्यांनी अध्यक्षांची बेल वाजवली. मी मागे. गालिना स्तेपानोव्हनांनी दार उघडलं, आणि रहिवाशाने झडप उघडली तर काय होतं ते पहिल्यापासून सांगितलं.

कब्देश म्हणाले, "मी रहिवासी नाही."

"मग कंत्राटदाराची माणसं आहात?"

"तोही नाही. मी व्याही आहे."

गालिना स्तेपानोव्हनांनी कराराची पानं चाळली. करारात व्याह्याचा कुठेच उल्लेख नव्हता. त्यांनी किल्ली आणली. मात्र मी रहिवासी असल्यामुळे माझं पाऊल छताला लागता कामा नये, असं बजावून त्या स्वतः शिडीशी येऊन उभ्या राहिल्या.

म्हणून मी शिडीच्या वरच्या पायरीवर, फक्त डोकं छताबाहेर काढून उभा होतो. कब्देश सणाच्या काळ्या सुटात, घोट्यांपर्यंत पाण्यात, सावकाश कडेकडे चालले होते. तिथे कठडा जेमतेम वीतभर उंच. वारा सुटलेला. त्यांचा कोट शिडासारखा फुगला, त्यांनी एक पाऊल टाकलं, बूट शेवाळावरून सरकला आणि ते एका गुडघ्यावर आले. मी कसा धावलो ते मला आठवत नाही. गालिना स्तेपानोव्हनांनी मागून माझ्या कोटाचं टोक धरलं होतं आणि त्या गॅरंटी, गॅरंटी म्हणत होत्या, एवढं आठवतं. कोटाचं टोक त्यांच्याकडेच राहिलं. मी पाण्यातून जाऊन कब्देशांना दोन्ही हातांनी कंबरेत घट्ट मिठी मारली.

"सोडू नका," ते म्हणाले आणि वाकले. पाण्याखालच्या भोकात खांद्यापर्यंत हात घालून ते काहीतरी चाचपत होते. पाणी वाहून जायच्या पाइपाचं तोंड तिथे होतं. आधी चिनाराची कुजकी पानं निघाली, मग झाडांवरून उडून आलेल्या कापसाचा लगदा, मग एक हातमोजा, बहुधा दुरुस्ती करणाऱ्यांपैकी कोणाचा. मग इमारतीच्या पोटातून मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि तळं फिरू लागलं. खाली कुठेतरी व्हिक्टर गेनरिखोविच ओरडले. पाइपाचं खालचं टोक बाकापाशी उघडत होतं.

पाणी ओसरल्यावर आमचं लक्ष अँटेनाच्या तारेत लटकलेल्या ड्रोनकडे गेलं. अजून इमानाने टिट् टिट् करत होता. कब्देशांनी त्याचं बटण शोधून दाबलं आणि तो गप्प झाला. हे कोणाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कागदोपत्री शेतीचं.

ते एकदम हसले. तिथे एक डांबरी कागदाची न उलगडलेली गुंडाळी पडली होती, दुरुस्तीच्या वेळी विसरलेली. आम्ही दोघे तिच्यावर बसलो आणि त्यांनी बुटातलं पाणी ओतलं.

"नगीमाने बजावलं होतं," ते म्हणाले. "मास्तरांच्या घरी चाललोय, तोंड उघडू नका. उघडलंत की ट्रॅक्टरच निघणार. म्हणून मी गप्प. पण तुम्ही तर माझ्याकडे बघतही नव्हता. मी हं म्हटलं की तुम्ही वर बघून सुस्कारा टाकायचात. मला वाटलं, यांना आम्ही पसंत नाही. पोराला काय सांगू घरी जाऊन, याच काळजीत होतो."

मी म्हटलं, "अहो, मी छताकडे बघत होतो."

"ते आता कळलं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला ट्रॅक्टरबद्दल सांगितलं. खूप सांगितलं. इंजिनाच्या आवाजावरून कुठलं चाक कुरकुरतंय ते कसं ओळखायचं, इथपर्यंत. मी मनापासून ऐकलं. इतकं गोड बोलणं मी त्या अख्ख्या आठवड्यात ऐकलं नव्हतं.

खाली उतरलो तेव्हा शिडीच्या पायथ्याशी गालिना स्तेपानोव्हना माझ्या कोटाचं टोक घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे दोघी विहिणी. नगीमाने नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चिखलाने भरलेली बाही, भिजलेली विजार, गुडघ्याला शेवाळ. मग तसंच माझ्याकडे पाहिलं. मग ती रैहानला म्हणाली, "विहीणबाई, मुलीला बोलवा. हे दोघं आणखी कुठे चढायच्या आत डूल घालून टाकू."

झिबेक बैठकीत आली आणि मान खाली घालून उभी राहिली. छतातून अजून एखाददुसरा थेंब पडत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नगीमाने डूल काढले. नीटनेटकी, मखमली झग्यातली ती बाई, आणि डुलाला काही कानाचं भोक सापडेना. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्या वेळी झिबेकने हळूच तिचं बोट धरलं आणि कानाशी नेलं.

"इथे, आई," ती म्हणाली.